चूल वेगळी, कणगी कोणाची?

१९८० साली चीनने आपल्या प्रांतांशी पैशाचा नवा करार केला. तोवर प्रांतांनी गोळा केलेला महसूल बीजिंगला जायचा आणि खर्चापुरता तिथून परत यायचा. नव्या रीतीत प्रांताने ठरलेला हिस्सा केंद्राला द्यायचा आणि उरलेलं आपल्याकडे ठेवायचं. चिनी लोकांनी या व्यवस्थेला जे नाव दिलं, ते मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. ते म्हणाले, आता जेवण वेगळ्या चुलीवर.

भाऊ एकाच घरात राहतात, पण चूल वेगळी मांडतात, तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यांचं लक्ष चुलीकडे असतं. खरा प्रश्न पुढे येतो. धान्य कोणाच्या कणगीतलं? एकाने उसनं आणलं तर फेडणार कोण? प्रादेशिक स्वायत्ततेच्या वादातही असंच होतं. भाषा, अस्मिता, झेंडा, विधिमंडळ यांवर रात्र-रात्र बोललं जातं. कणगीचा विषय निघाला की तो तज्ज्ञांचा म्हणून बाजूला सारला जातो. माझं म्हणणं असं आहे की स्वायत्ततेने देशाची अर्थव्यवस्था सुधारेल की खचेल, हे जवळपास पूर्णपणे कणगीवर ठरतं. जो प्रदेश खर्च करतो त्यानेच तो पैसा आपल्या माणसांकडून मागितला पाहिजे, आणि बुडालो तर वरून कोणीतरी वाचवील ही आशा त्याला नसली पाहिजे. या दोन गोष्टी असतील तर स्वायत्तता देशाला बळ देते. नसतील तर तिच्यामुळे देश कर्जात जातो.

आधी हे मान्य करू की सगळं एका ठिकाणाहून ठरवण्याची किंमतही मोठी असते. भारतात १९५० च्या दशकात मालवाहतूक समानीकरणाचं धोरण आलं. पोलाद, कोळसा, सिमेंट असा माल देशात कुठेही साधारण एकाच भावाने मिळावा, म्हणून वाहतुकीचा फरक भरून द्यायचा. हेतू चांगला होता, उद्योग सर्वत्र पसरावेत हा. पण ज्यांच्या जमिनीखाली कोळसा आणि लोखंड होतं त्या बिहार, बंगाल, ओडिशा या राज्यांचा निसर्गदत्त फायदा एका धोरणाने पुसला गेला. कारखाना खाणीशेजारी उभारण्याचं कारणच उरलं नाही. पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांत तो उभारला तरी कच्चा माल त्याच भावात मिळत होता. हे धोरण मागे घेतलं गेलं ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. तोवर जवळपास चार दशकं गेली होती आणि खाणींचे प्रदेश देशातल्या सर्वांत गरीब भागांत मोजले जात होते. या राज्यांना नुकसान दिसत नव्हतं असं नाही. ते थांबवण्याचा अधिकार मात्र त्यांच्या हाती नव्हता. स्वायत्ततेच्या बाजूचा सगळ्यात भक्कम आर्थिक युक्तिवाद मला हाच वाटतो. चूक कुठे होते आहे हे तिथल्या माणसाला आधी कळतं, आणि एका प्रदेशाने केलेली चूक त्या प्रदेशापुरती राहते.

मग स्वायत्तता दिली की भरभराट होते का? त्यासाठी इटलीकडे पाहावं, कारण तिथे एकाच देशात दोन टोकं सापडतात. सिसिलीला १९४६ साली विशेष सनद मिळाली, इटलीच्या प्रजासत्ताकाच्याही आधी. स्वतःचं विधिमंडळ, कराच्या उत्पन्नावर हक्क, व्यापक अधिकार, सगळं तिच्यात आहे. उत्तर टोकाच्या दक्षिण टायरॉलला आजची व्यापक स्वायत्तता १९७२ च्या दुसऱ्या सनदेने मिळाली. तिथे गोळा होणाऱ्या करांपैकी सुमारे नऊ दशांश वाटा तिथेच राहतो. आज दक्षिण टायरॉल इटलीतल्या सर्वांत श्रीमंत प्रदेशांपैकी एक आहे आणि सिसिली सर्वांत गरिबांपैकी.

याचं सगळं श्रेय आणि सगळा दोष सनदेला देणं चूक ठरेल. आल्प्समधून उत्तर युरोपकडे जाणारा रस्ता, पर्यटन, इतिहास यांचा वाटा मोठा आहे, आणि सिसिलीच्या मागे माफियाचं ओझं आहे. पण पैशाच्या रचनेतला एक फरक नजरेआड करता येत नाही. दक्षिण टायरॉलचं अंदाजपत्रक तिथल्या कमाईला बांधलेलं आहे. धंदा बसला तर तिजोरी आटते. सिसिलीच्या सनदेतल्या ३८ व्या कलमात मात्र राष्ट्रीय ऐक्याची भावना म्हणून केंद्राने दरवर्षी निधी द्यावा अशी तरतूद पहिल्यापासून होती. युद्धाने होरपळलेल्या बेटासाठी ती माणुसकीची होती, यात शंका नाही. पण दशकांमागून दशकं गेली, आणि प्रादेशिक सरकार म्हणजे नोकऱ्या वाटण्याचं ठिकाण अशी त्याची ओळख झाली. बाहेरून येणारा पैसा कसा खर्च होतो हे विचारायला स्थानिक मतदाराकडे फारसं कारण नसतं. तो पैसा त्याच्या खिशातून गेलेला नसतो.

हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी समाजवादी राजवटीतल्या सरकारी कारखान्यांबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. तोटा झाला तरी सरकार भरून देणार हे ठाऊक असलेला कारखाना तोटा टाळण्यासाठी जिवाचं रान करत नाही. त्याचं अंदाजपत्रक ताणलं की ताणलं जातं. हेच निरीक्षण पुढे राज्यांना आणि प्रांतांना लागू केलं गेलं, आणि दक्षिण अमेरिकेने त्याचा पुरावा मोठ्या किमतीला दिला.

ब्राझीलमध्ये राज्यांच्या मालकीच्या बँका होत्या. राज्य सरकारं आपल्याच बँकेकडून कर्ज काढत, ते थकवत आणि मग केंद्राकडे धाव घेत. १९८९, १९९३ आणि १९९७ असं तीनदा केंद्राने राज्यांचं कर्ज अंगावर घेतलं किंवा नव्याने बांधून दिलं. प्रत्येक वेळी हे शेवटचं, असं सांगितलं गेलं. जानेवारी १९९९ मध्ये मिनास जेराइस राज्याच्या गव्हर्नरांनी केंद्राला देणं असलेल्या कर्जाचे हप्ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. आधीच घाबरलेला बाजार आणखी हादरला आणि त्याच महिन्यात देशाचं चलन कोसळलं. एका राज्याने हप्ता नाकारला, त्याची झळ देशातल्या प्रत्येक आयातदाराला, प्रत्येक कर्जदाराला बसली. त्यानंतर २००० साली वित्तीय जबाबदारीचा कायदा झाला आणि केंद्राने राज्याला पुन्हा कर्ज देणं किंवा ते नव्याने बांधून देणं यावरच त्याने बंदी घातली.

अर्जेंटिनात प्रांत शाळा चालवतात, रुग्णालयं चालवतात, मोठा कर्मचारीवर्ग पोसतात, पण करांचा मोठा भाग केंद्र गोळा करतं आणि मग वाटणी होते. २००१ मध्ये केंद्राची तिजोरी रिकामी झाली तेव्हा प्रांतांकडे पगारालाही पैसे उरले नाहीत. मग त्यांनी स्वतःचे कागद छापले. ब्युनोस आयर्स प्रांताच्या त्या रोख्यांना पाताकोन म्हणत. शिक्षकांना, परिचारिकांना पगारात हे कागद मिळू लागले, दुकानांतून ते फिरू लागले, आणि एका देशात अनेक नाणी अशी अवस्था झाली. त्याच डिसेंबरात देशाने कर्जफेड थांबवली. पुढे २००३ मध्ये हे सगळे कागद परत घेतले कोणी? केंद्राने.

याच्या उलट दिशेचा अनुभवही आहे, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. अमेरिकेत १७९० मध्ये केंद्राने राज्यांचं स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज आपल्या डोक्यावर घेतलं होतं. त्यानंतर राज्यांनी कालवे, रेल्वे आणि बँकांसाठी हात सैल सोडून कर्ज काढलं. १८३७ ची मंदी आली आणि १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला आठ राज्यं आणि तेव्हा राज्य नसलेला फ्लोरिडा यांनी कर्जफेड थांबवली. इंग्लंडमधले गुंतवणूकदार खवळले. केंद्राने पुन्हा एकदा ओझं उचलावं अशी जोरदार मागणी झाली. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, नकार दिला. तो नकार निष्ठुर होता आणि अमेरिकेची पत काही वर्षं धुळीला मिळाली. पण त्यानंतर एकामागून एक राज्यांनी आपल्याच घटनांत कर्जाच्या मर्यादा लिहून घेतल्या. वॉशिंग्टनने ती सक्ती केली नव्हती. वाचवायला कोणी येणार नाही हे कळल्यावर राज्यांनी स्वतःच स्वतःला दावं लावलं.

स्वित्झर्लंडमधलं ल्यूकरबाड हे डोंगरातलं छोटं गाव, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. स्नानगृहं आणि पर्यटनाच्या सोयींवर गावाने आवाक्याबाहेर कर्ज काढलं आणि १९९८ च्या सुमारास ते फेडता येईना. धनको मग गाव ज्या ‘वाले’ (Valais) नावाच्या कँटनमध्ये, म्हणजे स्विस प्रांतात येतं, त्याच्या मागे लागले. गावावर देखरेख ठेवणं तुमचं काम होतं, तेव्हा पैसे तुम्ही द्या, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००३ मध्ये निकाल लागला की कँटनवर जबाबदारी नाही. निकालाने नुकसान झालं ते न तपासता कर्ज देणाऱ्यांचं. असा एक निकाल शंभर नियमांपेक्षा जास्त काम करतो, कारण त्यानंतर कर्ज देणारा स्वतःच गावाचा जमाखर्च उघडून पाहतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या प्रदेशात उद्योग नाही, पाऊस नाही, बंदर नाही, त्याने कर कोणावर बसवायचा? तुमचा तुम्ही भागवा असं त्याला सांगणं म्हणजे तिथे जन्मलेल्या मुलाला जन्माची शिक्षा देणं. हे मला मान्य नाही. देश असण्याला काही अर्थ असेल तर तो हाच की मुलाची शाळा त्याच्या जिल्ह्याच्या श्रीमंतीवर अवलंबून नसावी. पण मदत कशाची मोजून द्यायची, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तूट भरून दिली तर तूट वाढवणाऱ्याला बक्षीस मिळतं. कॅनडाने १९५७ पासून समानीकरणाची पद्धत चालवली आहे आणि १९८२ मध्ये तिचं तत्त्व घटनेत घातलं. तिथे आज मोजलं जातं ते असं: देशाच्या सरासरी दराने कर लावला असता तर या प्रांताला किती मिळालं असतं? ती क्षमता कमी असेल तर केंद्र भर घालतं. प्रांताने खर्च किती केला, तूट किती आणली, याच्याशी त्या रकमेचा संबंध नाही. उधळपट्टी केली तर ती त्याची त्याला भोवते, काटकसर केली तर तिचं फळही त्यालाच मिळतं. स्वित्झर्लंडने २००८ पासून लागू केलेली नवी पद्धतही प्रदेशाची कमावण्याची ताकदच मोजते.

आणि देणाऱ्यांनी फार तक्रार करू नये, असंही मला वाटतं. जर्मनीच्या राज्यांमधल्या वाटणीत आज सर्वांत मोठा दाता असलेला बव्हेरिया महायुद्धानंतर शेतीवर जगणारा, घेणाऱ्यांच्या रांगेत उभा असलेला प्रदेश होता. १९८० च्या दशकापर्यंत तो प्रामुख्याने घेत होता. इतरांचा पैसा आला आणि त्यातून तो उभा राहिला. आज तिथे या वाटणीविरुद्ध बोललं जातं, न्यायालयातही धाव घेतली जाते. नियमांत सुधारणा जरूर मागावी. आपण कुठून आलो हे मात्र विसरू नये.

स्वतःचे कर म्हटलं की दुसरी भीती सांगितली जाते, प्रदेश एकमेकांचे श्रीमंत पळवण्यासाठी दर पाडत सुटतील. भीती खोटी नाही. ओबवाल्डन या छोट्या स्विस कँटनने २००६ पासून अशी रचना आणली की उत्पन्न एका पातळीच्या वर गेलं की कराचा दर कमी होत जावा. २००७ मध्ये न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. म्हणजे चढाओढ चालू राहिली, पण तिला तळ मिळाला. चढाओढीवर उपाय म्हणून सगळे कर केंद्राकडे नेणं हा डोकेदुखीवर डोकं काढण्याचा इलाज आहे.

तो इलाज चीनने केला, म्हणून पुन्हा त्या चुलींकडे जाऊ. वेगळ्या चुलींच्या काळात किनाऱ्यावरचे प्रांत झपाट्याने वाढले, पण एकूण महसुलातला केंद्राचा वाटा घटत १९९३ मध्ये २२ टक्क्यांवर आला. केंद्राने १९९४ मध्ये कररचनाच बदलली आणि एका वर्षात तो वाटा निम्म्याच्या वर नेला. केंद्र अगदीच दुबळं होऊन चालणार नव्हतं, हे खरं. पण पैसा वर गेला आणि शाळा, रस्ते, दवाखाने यांचा खर्च खालीच राहिला. कर लावायचा अधिकार नाही, उघड कर्ज काढायला मनाई, मग स्थानिक सरकारांनी जे हाती होतं ते विकायला काढलं: जमीन. जमिनीचे हक्क विकून आणि आडवाटेच्या कंपन्यांमार्फत कर्ज काढून शहरं उभी राहिली. घरबांधणीचा फुगा फुटल्यावर ते उत्पन्न आटलं आणि आता त्या झाकलेल्या कर्जाचा निपटारा करण्यात सारा देश गुंतला आहे. खर्चाची जबाबदारी देऊन कराचा अधिकार काढून घेतला की माणसं वाट शोधतातच, आणि ती सहसा सरळ नसते.

चुली वेगळ्या असल्या तरी घराची दारं उघडी हवीत, हे थोडक्यात सांगतो, कारण यावर फारसा मतभेद नसावा. कॅनडात एका गृहस्थाने २०१२ मध्ये शेजारच्या प्रांतातून स्वस्त बिअर आपल्या प्रांतात आणली म्हणून त्याला दंड झाला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रांताचा तो अधिकार उचलून धरला. ती बिअर होती म्हणून हसून सोडता येतं. युगोस्लाव्हियात १९८९ च्या अखेरीस सर्बियाने स्लोव्हेनियाच्या मालावर बहिष्कार टाकला, आणि वर्षभराने देशाच्या बँकव्यवस्थेतून परवानगीविना प्रचंड रक्कम परस्पर उचलली. सामाईक बाजार आणि सामाईक चलन, दोन्ही गेल्यावर देश असा उरलाच नव्हता. भारतात २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला तेव्हा राज्यांच्या सीमेवरचे जकातवजा तपासणी नाके उठले, ही मोठी कमाई होती. पण त्याबरोबर राज्यांचा स्वतः दर ठरवण्याचा बराचसा अधिकारही गेला, आणि वरच्या सगळ्या विवेचनानंतर मला तो तोटा लहान वाटत नाही.

स्पेनमध्ये हे सगळे धागे एकत्र दिसतात. बास्क प्रांत कर स्वतः गोळा करतात आणि केंद्राच्या सामाईक खर्चासाठी ठरलेलं देणं माद्रिदला पोचवतात. वसुली कमी झाली तरी देणं चुकत नाही, जोखीम त्यांची. १९८० च्या दशकात त्यांचे पोलादाचे कारखाने आणि जहाजबांधणी कोसळत होती तेव्हाही ही व्यवस्था टिकली, आणि त्या पडझडीतून हा प्रदेश पुन्हा उभा राहिला. तिथलं देणं फार कमी मोजलं जातं आणि गरीब प्रदेशांसाठीच्या वाटणीत बास्क जवळपास भागच घेत नाहीत, ही टीका मला पटते. ते दुरुस्त व्हायला हवं. कॅटलोनियाला मात्र हा अधिकार मिळालाच नाही. २०१२ मध्ये तिने अशा कराराची मागणी केली, माद्रिदने दार लावलं, आणि पुढच्या पाच वर्षांत कराचा प्रश्न फुटीचा प्रश्न झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या दोन मोठ्या बँकांनी आपली नोंदणीकृत कार्यालयं वालेन्सिया आणि अलिकान्ते इथे हलवली, त्यांच्यामागून हजारो कंपन्या गेल्या. कणगीचा वाद वेळीच मिटला असता तर तो रस्त्यावर आला असता असं मला वाटत नाही.

नायजेरियाची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. आज तिथे ३६ राज्यं आहेत. दर महिन्याला राज्यांचे अर्थप्रमुख राजधानीत जमतात आणि तेलाच्या व केंद्रीय करांच्या उत्पन्नाची वाटणी होते. बहुतेक राज्यांचा गाडा त्या मासिक वाट्यावर चालतो. तेलाचा भाव पडला की पगार थकतात. मतदार गव्हर्नरला जाब विचारतो तेव्हा गव्हर्नर राजधानीकडे बोट दाखवतो, आणि ते अगदी खोटंही नसतं.

हे नेहमी असं नव्हतं. लष्करी राजवटी आणि तेलाचा पैसा येण्याआधी प्रदेश आपापल्या कमाईवर जगत. पश्चिम प्रदेशाकडे कोको होता. ओबाफेमी अवोलोवो यांच्या पक्षाने तिथे सर्वांना मोफत प्राथमिक शिक्षण द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी कोकोच्या पैशाबरोबर थेट माणशी करही बसवला. लोक चिडले. शाळा अजून उघडायच्या होत्या आणि वसुलीदार दारात उभा होता. १९५४ च्या केंद्रीय निवडणुकीत त्या पक्षाला आपल्याच प्रदेशात हार पत्करावी लागली. करवसुली मात्र त्याने मागे घेतली नाही. जानेवारी १९५५ मध्ये शाळा उघडल्या आणि प्राथमिक वर्गांतल्या मुलांची संख्या एका वर्षात सुमारे साडेचार लाखांवरून आठ लाखांच्या वर गेली. मे १९५६ मध्ये प्रादेशिक निवडणूक झाली. तोच कर भरलेल्या मतदारांनी त्याच पक्षाला पुन्हा निवडून दिलं.